विमलकाकूंनी कविता तहकूब ठेवली

विमलकाकूंकडे विरजण मागायला गेलात तर आधी विषय मांडावा लागतो. "विषय काय हाये?" हे त्या दारातच विचारतात. विरजण, असं सांगितलं की पुढचा प्रश्न, "सूचक कोण?" सूचक अर्थातच मी. "अनुमोदक?" आता विरजणाला अनुमोदक कुठून आणायचा? या गावात राहायला आले त्याच आठवड्यात, हातात रिकामी वाटी घेऊन, मी या प्रश्नापाशी अडकून उभी राहिले होते. शेवटी काकूंनीच ओट्यावरच्या मांजराकडे बोट दाखवलं. मांजर काही बोललं नाही. तीच त्यांनी संमती धरली, विरजणाचा ठराव सर्वानुमते मंजूर केला आणि वाटी भरून दिली.

आमचं गाव दुसरबीडच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून जरा आत. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. माहेर चिखलीचं, त्यामुळे 'मले-तुले' कानाला नवं नव्हतं, पण ठराव मांडून विरजण घेणं नवं होतं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बाई माजी सरपंच आहेत, जरा जपून. महिलांसाठी जागा राखीव होती तेव्हा पाच वर्षं त्यांनी गाव सांभाळलं, असं त्याला बँकेत कोणीतरी सांगितलं होतं. मला लगेच चित्र दिसलं. या बाईंनी सभेत टेबलावर हात आपटला असेल, ग्रामसेवकाला घाम फोडला असेल, भल्याभल्या पुढाऱ्यांना खाली बसवलं असेल. मी मनातून त्यांना फार मानू लागले.

मानण्यासारखंच होतं. दूधवाल्याने पातळ दूध घातलं की काकू भांडत नसत. "इतिवृत्तात नोंद घ्या," एवढंच शांतपणे म्हणत, आणि तो बिचारा दुसऱ्या दिवशी घट्ट दूध आणी. भाजीवालीने भेंडीचा भाव जास्त सांगितला की "फेटाळण्यात येत आहे." पुण्याहून सूनबाईचा व्हिडिओ कॉल आला आणि नातू झोपलेला असला की "कोरम नाही, सभा तहकूब." गल्लीतल्या दोन बायका नालीच्या पाण्यावरून एकमेकींच्या सात पिढ्या काढत असताना काकू मध्ये जाऊन म्हणाल्या, सात पिढ्यांचा विषय विषयपत्रिकेवर नव्हता, ऐनवेळचा विषय अध्यक्षांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. दोघी इतक्या बुचकळ्यात पडल्या की भांडण तिथंच संपलं. आमच्या स्टाफरूममध्ये अशा एका बाईची किती गरज आहे, हे मी रोज अनुभवते.

त्यांचे यजमान भास्करराव मात्र कधी बाहेर दिसायचे नाहीत. उंच, गोरे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेले असत. तोंड रस्त्याकडे, नजर कुठेच नाही. नमस्कार केला तर हात जोडायचे, बोलायचे नाहीत. मला ते जरा घमेंडखोर वाटले.

एका संध्याकाळी काकू बारावीचं इंग्रजीचं पुस्तक काखेत मारून आल्या. सतरा नंबरचा फॉर्म भरून त्यांनी बाहेरून बारावीची परीक्षा दिली होती. मराठी, इतिहास, सगळं सुटलं होतं, इंग्रजी राहिलं होतं. तरुणपणी बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर त्यांचं लग्न लागलं आणि हॉल तिकीट ट्रंकेतच राहिलं. ते आता पुरं करायचं होतं. मी म्हटलं, काकू, या वयात कशाला एवढा ताण. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ठराव झाला हाये, मॅडम. सूचक मीच, अनुमोदक मीच. तुम्ही फक्त अंमलबजावणी करा."

तेव्हापासून रोज दिवेलागणीच्या आधी माझ्या स्वयंपाकघरात आमची शिकवणी सुरू झाली. काकू मेथी निवडत शिकायच्या. पान खुडलं की एक अक्षर, असं करत त्या 'एम्परर' शब्दाचं स्पेलिंग पाठ करत. शेजारच्या आजींना वाटलं काकूंनी कसलं तरी अनुष्ठान धरलंय. त्या येऊन हात जोडून बसू लागल्या.

धडे सरळ गेले. पत्रलेखन तर काकूंना इतकं आवडलं की त्यांनी सरावासाठी विद्युत मंडळाला पाच तक्रारी लिहिल्या आणि त्यातली एक खरंच पाठवून दिली. गाडी अडली ती कवितेपाशी.

कविता अशी. दोनशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज कवी, निसर्ग आणि उसासे यांची रेलचेल होती त्या काळातला. एका राजाने राजधानीच्या वेशीवर प्रचंड दरवाजा बांधला आणि त्यावर कोरून ठेवलं की खालून जाणाऱ्या प्रत्येकाने मान लववावी. पुढे राजा गेला, राज्य गेलं, तटबंदीचे दगड लोकांनी घरांना नेले. राहिला नुसता दरवाजा, जवाच्या शेताच्या मधोमध. आता त्याच्यासमोर मान लववतं ते फक्त वाऱ्याने वाकलेलं जवाचं पीक. कवी उसासा टाकतो आणि कविता संपते. तात्पर्य, सत्ता क्षणभंगुर असते. मी हे वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. मुलं वहीत 'सत्ता क्षणभंगुर' असं लिहून घेतात आणि तास सुटला की भावी सरपंचांच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीत नाचायला जातात.

काकूंनी कविता संपूर्ण ऐकून घेतली. मग मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"दरवाजा कोणत्या निधीतून बांधला?"

कवितेत तसं दिलेलं नाही, मी म्हटलं. लोकांच्या करातून असेल.

"ठेकेदार चांगला होता. इतके वर्सं उभा हाये म्हणजे. त्याचं नाव काऊन नाही लिहिलं कवीनं?"

मी म्हटलं, काकू, ठेकेदार हा कवितेचा विषय नाही. मग त्यांनी विचारलं की कवी त्या गावचा रहिवासी होता का. नव्हता, तो फिरायला गेला होता. बाहेरगावच्या माणसाला गावच्या मालमत्तेवर मत द्यायचा अधिकार कसा, हे त्यांना पटेना. मग पिकाचा मुद्दा निघाला. जव आडवं पडलं होतं की नुसतं वाकलं होतं? नुसतं वाकलं होतं. काकूंनी सुटकेचा निःश्वास सोडला, कारण आडवं पडलं असतं तर पंचनामा करावा लागला असता आणि कवीने तलाठ्याला कळवलेलं कुठंच दिसत नव्हतं.

मी घायकुतीला आले. चेतनगुणोक्ती अलंकार समजावताना माझा आवाज चढला. म्हटलं, इथं पीक म्हणजे नुसतं पीक नाही, ते माणसासारखं वागतंय, राजाला मान देतंय, हेच तर सौंदर्य आहे.

"पीक कोणाले मान देत नाही, मॅडम," काकू म्हणाल्या. "वारा आला का वाकते. माणसायचंही तसंच हाये. वारा गेला का उभे."

मी ते वाक्य पुढच्या वर्षी वर्गात माझं म्हणून वापरलं.

परीक्षेत कवितेचं रसग्रहण लिहायचं असतं. त्याचा साचा ठरलेला: शीर्षक, विषय, अलंकार, संदेश आणि शेवटी, कविता मला का आवडली किंवा नाही आवडली. या शेवटच्या मुद्द्यासाठी मी दरवर्षी मुलांना एक तयार वाक्य देते, की सत्ता तात्पुरती असते हे ही कविता शिकवते म्हणून ती मला फार आवडते. तपासणाऱ्याला बरं वाटतं, मार्क पडतात. काकूंनी बाकीचे सगळे मुद्दे पाठ केले आणि या वाक्यापाशी पेन खाली ठेवलं. हे मला वाटलेलं नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, वाटायची गरज नाही, लिहायची गरज आहे. मागच्या खेपेला थोडक्यात गेलं होतं, आता दोन-चार मार्कांसाठी तोंडचा घास घालवू नका.

"मॅडम, हा मुद्दा तहकूब."

त्या दिवसापासून रोज आम्ही त्या मुद्द्यापर्यंत येत होतो आणि रोज तो तहकूब होत होता. मी रागावले, गोड बोलून पाहिलं, माझ्या नवऱ्यालाही मध्ये घातलं. काकू ढिम्म. दुसरं काय लिहिणार ते सांगा, म्हटलं तर तेही सांगेनात. जे मनात नाही ते लिहायचं नाही, एवढंच.

मग मला एक युक्ती सुचली. आमच्या गावच्या फाट्यावर सिमेंटची कमान आहे. वर सुस्वागतम, खाली मोठ्या अक्षरांत सरपंच म्हणून विमलकाकूंचं नाव. त्यांच्याच कारकिर्दीत झालेली. प्लास्टर आता निघालंय, अर्ध्या नावावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स असतो आणि उरलेल्या अर्ध्यावर मधमाश्यांचं पोळं. मी उत्साहाने म्हटलं, काकू, तुमची कमान घ्या ना उदाहरणाला, दरवाजासारखाच दरवाजा आहे, आपोआप पटेल तुम्हाला.

काकूंचा चेहरा पडला. बराच वेळ त्या पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडत राहिल्या. मग म्हणाल्या, ती कमान झाली त्या दिवशी त्या तिथं नव्हत्याच. आमदार आले होते, फीत कापली, फोटो निघाले. काकू शाळेच्या पटांगणात इतर बायकांबरोबर पाहुण्यांच्या पुऱ्या लाटत होत्या. दुसऱ्या दिवशी वावरात जाताना त्यांनी कमानीखाली उभं राहून आपलं नाव वाचलं, आजूबाजूला कोणी नाही असं बघून.

हळूहळू सगळं कळलं. त्यांच्या पाच वर्षांत खुर्चीवर भास्करराव बसत. गोल फिरणारी खुर्ची होती. काकू दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीने फुली मारलेली असे. वरचा मजकूर कोणी वाचून दाखवला नाही, त्यांनीही मागितला नाही. सभा चालायची, सूचक कोण, अनुमोदक कोण, तहकूब, मंजूर. सगळं ऐकून ऐकून पाठ झालं होतं. त्यातला एक शब्दसुद्धा सभेत त्यांनी कधी उच्चारला नव्हता.

"सत्ता टिकत नाही म्हणते तुमचा कवी. मले तं ते आलीच नाही, मॅडम. जाईन काय?"

 त्यांना ते वाक्य का लिहवत नव्हतं ते आता समजलं. पाच वर्षं दुसऱ्याच्या मजकुराखाली सह्या केलेल्या बाईला मी पुन्हा एकदा दुसऱ्याचा मजकूर देत होते. त्यांना मार्कांपेक्षा मोठं काहीतरी हवं होतं, आपल्या हाताने, आपल्या मनातलं लिहून पास होणं. आणि भास्कररावांचा मला असा काही राग आला की रात्री जेवताना मी नवऱ्यावरच खेकसले. त्याचा काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी काकूंना दिलेली डिक्शनरी परत आणायचं निमित्त काढून मी काकूंच्या घरी गेले. खरं तर भास्कररावांना दोन शब्द सुनवायचे होते, निदान डोळ्यांनी. दारात पोचले तर आतून काकूंचा आवाज आला.

"अध्यक्ष महाराज, सभेपुढचा विषय, जेवण. भाकरी अन् मेथीची भाजी."

भास्करराव खुर्चीत मान खाली घालून बसले होते. काकू ताट घेऊन समोर उभ्या. कितीतरी वेळाने, विहिरीतून यावा तसा आवाज आला, "सूचक?"

"मी."

पुन्हा तेवढाच वेळ. मग "मंजूर," म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि भाकरीचा तुकडा मोडला. मी तशीच मागे फिरले. डिक्शनरी आजही त्यांच्याकडेच आहे.

पुढे काकूंनीच सांगितलं. सरपंचपदाची मुदत संपली आणि दारापुढच्या जीपगाड्या बंद झाल्या. फोन वाजायचा थांबला. पहिले काही महिने भास्करराव रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून वाट बघायचे, माणसं येतील म्हणायचे, चहा जास्तीचा टाकायला सांगायचे. कोणी आलं नाही. मग बोलणं सुटलं, मग जेवण सुटलं. चिखलीच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांना काही सापडलं नाही. एक दिवस काकू ताट पुढे धरून थकल्या आणि वैतागून म्हणाल्या, जेवणाचा ठराव मांडते, मंजूर का नामंजूर ते सांगा. भास्करराव कितीतरी दिवसांनी बोलले ते 'मंजूर' एवढंच. त्या दिवसापासून घरात सभा सुरू झाली. बाहेर बोलायला लागलं की जीभ आपोआप तिकडे वळते, काकू म्हणाल्या, त्याला काय करायचं. मी इतके दिवस ज्याला हसत होते ते हे होतं. मला त्या दोघांचीही अशी माया आली की मला ती कुठे ठेवावी कळेना.

इंग्रजीच्या पेपरला देऊळगाव राजाचं केंद्र आलं. इंग्रजीच्या शिक्षकांना त्या दिवशी वर्गावर पर्यवेक्षणाला नेमत नाहीत, म्हणून मी काकूंबरोबर एसटीने गेले. काकूंनी स्टार्चची साडी नेसली होती, चष्मा साखळीला लावला होता, हातात काळी पर्स. केंद्राच्या भिंतीवर नेहमीप्रमाणे कॉप्या पुरवणारी मंडळी बसली होती. कोणीतरी काकूंना पाहिलं आणि "पथक, पथक" अशी कुजबुज झाली. बघता बघता भिंत मोकळी झाली. फाटकावरच्या शिपायाने सलाम ठोकला. केंद्रप्रमुख आपल्या खोलीतून घाईने उठून आले आणि भरारी पथकाच्या मॅडम समजून त्यांनी काकूंना स्वतःची खुर्ची दिली. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकू तिच्यावर बसल्या.

चांगल्या टेकून बसल्या. पाणी आलं ते प्यायल्या. चहाला नको म्हणाल्या. खोलीभर एकदा नजर फिरवली. मी मागे उभी होते आणि मला काही सांगावंसं वाटेना, बसू दे म्हटलं थोडा वेळ. मग काकूंनी पर्स उघडून हॉल तिकीट टेबलावर ठेवलं.

"माहा नंबर कोणत्या खोलीत हाये, ते पाहून देता का?"

केंद्रप्रमुख आधी लाल झाले, मग हसू लागले. माणूस चांगला होता. त्यांनी स्वतः काकूंना वर्गापर्यंत पोचवलं. काकू जाताजाता माझ्या कानात सांगून गेल्या की खुर्ची मोठी आहे, पण एका बाजूने डुगडुगते.

पेपर सुटल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, कविता आली होती का. आली होती. शेवटचा मुद्दा लिहिला? लिहिला. माझं वाक्य? नाही. मग काय लिहिलं? निकाल लागू द्या, म्हणाल्या. एसटीत त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या आणि मी फाट्यापर्यंत त्यांच्या मार्कांची काळजी करत बसले. स्वतःच्या मुलाच्या निकालाची मी एवढी काळजी केलेली नाही.

निकालाच्या दिवशी नेट चालेना. मी मोबाइल घेऊन गच्चीवर गेले, काकू जिन्यात थांबल्या. वर्तुळ फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि शेवटी पान उघडलं. इंग्रजीत पास. काठावरच, पण पास. मी ओरडतच खाली आले. काकू पदर तोंडावर घेऊन पायरीवर बसल्या आणि रडल्या. मीही रडले, मला लाज वाटली नाही.

संध्याकाळी दारात कोणी तरी खाकरलं. पाहते तो भास्करराव. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला, हातात पेढ्यांचा पुडा. मागे काकू. त्यांना रस्त्यावर पाहून गल्लीतले लोक ओट्यांवर येऊन उभे राहिले होते. "आमची मंडळी पास झाली," ते मला म्हणाले. तीनच घरं फिरले होते पण दम लागला होता. मी त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला. मनात ठरवून ठेवलेले दोन शब्द मी केव्हाच विसरले होते.

मग मी काकूंना आठवण करून दिली, निकाल लागला, आता सांगा काय लिहिलंत.

"लिहिलं, मले ही कविता आवडली नाही. जसं जमलं तसं इंग्रजीत लिहिलं."

पण का नाही आवडली?

 भास्करराव कपातल्या चहाकडे पाहत होते.

"कवीनं दरवाजा लिहिला, पीक लिहिलं, वारा लिहिला. सगळं बराबर लिहिलं. पण राज्य गेलं त्या दिवशी तो राजा घरी तं आला असन ना, मॅडम? त्याले जेवाले कोणं वाढलं, हे त्यानं लिहिलंच नाही."

 भास्कररावांचा कप हातातच राहिला होता. काकूंनी तो हळूच काढून घेतला, बाजूला ठेवला आणि त्यांच्या कोपराला हात देऊन उठवलं. "चला आता," त्या म्हणाल्या, "भाकरी गार होऊन राह्यली."